मिठाच्या पाण्याने धुतलेले मीठ

मराठी घरात 'वेगळे करणे' या एका क्रियेसाठी किती क्रियापदे आहेत, हे मोजू लागले की नवल वाटते. तांदूळ निवडतात, गहू पाखडतात, पीठ चाळतात, चहा गाळतात, भात वेळतात, गढूळ पाणी निवळू देतात, ताक घुसळून लोणी काढतात. यांतील प्रत्येक क्रियापदामागे वस्तूवस्तूंमधील एखादा भेद हेरलेला असतो. खडा डोळ्यांना दिसतो म्हणून निवडता येतो. कोंडा हलका म्हणून सुपातून उडतो. कण चाळणीच्या भोकाहून लहान म्हणून पीठ खाली पडते. लोणी पाण्याहून हलके आणि पाण्याशी फटकून राहणारे म्हणून वर येते. आमच्या आज्या-पणज्यांनी पदार्थविज्ञानाचे नावही ऐकले नव्हते. पण आकार, वजन आणि स्वभाव यांतील भेदांचा उपयोग त्या रोज करीत होत्या.

आता समजा, बारीक कुटलेले मीठ आणि तितकाच बारीक कुटलेला सोरा एकमेकांत मिसळला, तर काय करावे? दोन्ही पांढरे, दोन्हींचे कण सारखे, वजनातही हाताला कळेल असा फरक नाही. सूप, चाळणी, गाळणे आणि डोळे ही चारही साधने येथे हात टेकतात. अशा वेळी रसायनशास्त्र जो उपाय सांगते तो प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. हे मिश्रण आधी पाण्यात टाकून पूर्ण विरघळवावे, असे ते सांगते. म्हणजे जे वेगळे करावयाचे, ते आधी इतके एक करावयाचे की मीठ कोठे आणि सोरा कोठे हे कोणालाही दाखविता येऊ नये. मग पाणी आटवावे, निववावे आणि वाट पाहावी. ज्याची वेळ आधी येईल तो आपण होऊन बाहेर पडतो.

या उफराट्या उपायाने गेली चाळीसेक वर्षे आमच्या मनात घर केले आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविली आणि राज्य शासनाच्या महसुली नोकरीत शिरलो, तेव्हा त्या विषयाशी असलेला संबंध सुटला असे वाटले होते. परंतु नोकरीतील एका बदलीने आम्हांला मिठाच्याच मुलखात नेऊन सोडले, आणि निवृत्तीनंतर एका अगदी निराळ्याच वादात तेच रसायनशास्त्र पुन्हा उपयोगी पडले. त्या दोन्ही गोष्टी सांगण्यापूर्वी हे विलगीकरण होते कसे, ते थोडे पाहू.

पदवीच्या वर्गात लवणांचे पृथक्करण शिकताना एक प्रयोग सर्वांनाच करावा लागे. शिसे, चांदी आणि पारा यांची लवणे असलेल्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की पांढरा साका खाली बसतो. त्यात तिघांची क्लोराइडे असू शकतात आणि दिसायला सारा साका एकच. तो पाण्यात उकळावयाचा. शिशाचे क्लोराइड थंड पाण्यात १०० ग्रॅमला जेमतेम १ ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात मात्र ३ ग्रॅमांहून अधिक. चांदीचे आणि पाऱ्याचे क्लोराइड उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून गरम असतानाच गाळले की शिसे पाण्याबरोबर खाली उतरते आणि बाकीचे दोघे गाळणपत्रावर राहतात. खालचे पाणी निवले की त्यात सुयांसारखे चकचकीत स्फटिक दिसू लागतात. स्वच्छ, रिकाम्या भासणाऱ्या पाण्यातून ते उगवताना पाहिले की प्रयोगवहीत गुण किती मिळणार याचा क्षणभर विसर पडे.

या साऱ्याच्या मुळाशी असलेला नियम साधा आहे. पाण्याची प्रत्येक लवण सामावून घेण्याची एक मर्यादा असते. तिला विद्राव्यता म्हणतात, आणि मर्यादेपर्यंत भरलेल्या द्रावणाला संपृक्त द्रावण. ही मर्यादा प्रत्येक लवणाची वेगळी, आणि तापमानाबरोबर ती बदलण्याची रीतही वेगळी. मीठ आणि सोरा यांचेच पाहा. १०० ग्रॅम पाण्यात ० अंश तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांना सुमारे ३९. म्हणजे पाणी गार असो वा कढत, मिठाला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. सोरा मात्र ० अंशाला १३ ग्रॅम विरघळतो आणि १०० अंशांना सुमारे २४५! आता १०० ग्रॅम सोरा आणि २० ग्रॅम मीठ १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात विरघळवून ते पाणी १० अंशांपर्यंत निववले, तर ढोबळ हिशेबाने पाऊणशे ग्रॅमांहून अधिक सोरा स्फटिकरूपाने बाहेर येतो. मिठाची मर्यादा अद्याप भरलेलीच नसते, त्यामुळे ते सारे पाण्यातच राहते.

हा हिशेब पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी बिहारमधील नोनिया समाजाला हातांनी ठाऊक होता. जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या मातीवर फुलून येणारे क्षार खरवडून ते पाण्यात विरघळवीत आणि कढईत आटवीत. उकळताना पाणी कमी होई तसे मीठ आधी तळाशी बसे, कारण उष्णतेने त्याला वाढीव जागा मिळत नाही. ते काढून घेऊन उरलेले द्रावण निवत ठेवले की सोरा बाहेर येई. गरम असताना मीठ आणि गार झाल्यावर सोरा, असे एकाच कढईतून दोघांचे निराळे मार्ग. बंदुकीच्या दारूत साधारण तीन हिस्से सोराच असतो, आणि त्यात ओल धरणारे क्षार राहिले तर दारू सर्दावते. त्यामुळे या शुद्धीकरणाला केवढे मोल होते, हे निराळे सांगावयास नको. युरोपीय व्यापारी पाटण्याला सोऱ्यासाठी येत, आणि प्लासीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारीच आपल्याकडे घेतली. मराठ्यांच्या तोफांनाही हाच सोरा लागे. राज्ये कोणाची का असेनात, ती काही अंशी एका कढईतील विद्राव्यतेच्या भेदावर उभी होती.

हा भेद जेथे मोठा असतो तेथे काम एका फेरीत भागते. जेथे तो अगदी सूक्ष्म असतो तेथे माणसाची कसोटी लागते. मारी क्यूरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियमची घोषणा केली. पण ते डोळ्यांना दाखविता येईल इतके वेगळे करणे बाकी होते. रेडियमचा स्वभाव बेरियमशी इतका जुळता की दोघे सतत एकत्रच सापडत. रेडियम क्लोराइड हे बेरियम क्लोराइडपेक्षा पाण्यात थोडे कमी विरघळते, एवढाच काय तो फरक. त्या धाग्याला धरून मारी क्यूरींनी द्रावण आटविले, स्फटिक वेगळे केले, ते पुन्हा विरघळविले, पुन्हा आटविले. प्रत्येक फेरीत स्फटिकांतील रेडियमचे प्रमाण किंचित वाढे. कित्येक टन खनिजाच्या गाळापासून आरंभ करून १९०२ साली त्यांच्या हाती रेडियम क्लोराइड आले ते एक दशांश ग्रॅम. उपाय तोच, जो आम्ही परीक्षानळीत पाच मिनिटांत करीत होतो. फरक काय तो चिकाटीचा.

आता आमच्या बदलीकडे वळतो. सुरेंद्रनगर जिल्ह्यात, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर, काही वर्षे आमचे वास्तव्य होते. जमिनीचे पट्टे, वाटा आणि पिण्याच्या पाण्याचे टँकर अशा कामांनिमित्त रणात जाणे होई. भारताच्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते, हा आकडा आम्ही टिपणांत अनेकदा लिहिला होता. पण ते पिकते कसे, हे तेथे गेल्यावर उमगले. 'पिकते' हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. कोकणात, गोव्यात आगरवाड्याला आणि गुजरातेत, मिठाच्या शेताला 'आगर' याच शब्दाने ओळखतात. आपल्याकडे आगरी आणि रणात अगरिया. शब्द एकच, फक्त मुलूख वेगळा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील २७ ग्रॅमांच्या आसपास आपले खाण्याचे मीठ. उरलेल्यांत मॅग्नेशियमची कडू लवणे, जिप्सम, पोटॅशियमचे क्षार आणि थोडा चुना. समुद्राचे पाणी कढईत घालून पूर्ण कोरडे होईपर्यंत उकळले तर हे सारेच तळाशी बसते आणि त्याची चव कडवट लागते. ते टाळायचे असेल तर पाणी आटत असताना कोण कोणत्या क्रमाने बाहेर पडतो, हे माहीत हवे. १८४९ साली उसिग्लिओ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी सावकाश आटवून हा क्रम मांडला. पाणी निम्म्यावर आले की चुना बसतो. साधारण एक-पंचमांश उरले की जिप्सम पडू लागते. एक-दशमांशाच्या आसपास आले की मिठाची पाळी येते. आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार अगदी शेवटपर्यंत पाणी सोडीत नाहीत.

मिठागराची सारी रचना म्हणजे हा क्रम जमिनीवर आखून ठेवलेला असतो. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरत फिरत दाट होत जाते. त्याची दाटी मोजण्यासाठी काचेचा तरंगता मापक वापरतात. त्यावरील अंशांना अंतोईन बोमे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने १७६८ साली हे माप ठरविताना शुद्ध पाण्याला ० आणि शंभरात पंधरा भाग मीठ असलेल्या पाण्याला १५ अंश दिले. म्हणजे ही मोजपट्टीच मिठाने आखलेली आहे. समुद्राचे पाणी ३ अंशांच्या आसपास असते. २५ अंशांपर्यंत त्याला बाहेरच्या वाफ्यांतच थोपवून धरावयाचे, म्हणजे चुना आणि बरेचसे जिप्सम तेथेच राहते. मग ते स्फटिकांच्या वाफ्यात घ्यावयाचे. तेथे मीठ धरते. आणि २९-३० अंशांच्या सुमारास, मीठ अजून पुरते संपलेले नसतानाच, उरलेले पाणी काढून टाकावयाचे. याच्या पुढे गेले की कडू लवणे मिठाबरोबर बसू लागतात.

रणातील अगरिया समुद्राचे पाणी वापरीत नाहीत. ते जमिनीखालचे खारे पाणी विहिरींतून उपसतात आणि ते मुळातच समुद्राहून दाट असते. पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावर ही कुटुंबे रणात उतरतात, झोपड्या बांधतात, वाफे तुडवून घट्ट करतात आणि वैशाखाच्या आसपासपर्यंत तेथेच राहतात. पूर्वी उपशासाठी डिझेलची यंत्रे असत आणि हंगामाच्या कमाईचा मोठा हिस्सा तेलातच जाई. अलीकडच्या काळात सूर्यशक्तीवरचे पंप आले आणि तेवढा भार हलका झाला. दाताळ्याने रोज ओढून ओढून वाढविलेले तेथील टपोरे मीठ 'वडागरू' या नावाने ओळखले जाते.

एका हिवाळ्यात अशाच एका वाफ्यावर आम्ही थांबलो होतो. वयस्क अगरिया पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा होता. पाय मिठाने भेगाळलेले आणि ताठरलेले. आम्ही विचारले, "काका, मापक कोठे आहे तुमचा?" त्याने झोपडीकडे बोट दाखविले आणि ओंजळीत पाणी घेऊन बोटांवर चोळले. पाणी हाताला तेलकट लागू लागले की मिठाचे दिवस संपले, असे त्याने गुजरातीत सांगितले. आम्ही म्हटले, "पण या पाण्यात अजून मीठ आहे. आणखी चार दिवस ठेवले तर वजन वाढेल." तो हसला. "वाढेल ना, साहेब. पण ते मीठ पावसाळ्यात रडेल. आणि ज्याच्या घरी रडेल तो माझ्या मिठाला नाव ठेवील."

त्याचे म्हणणे रसायनशास्त्राच्या भाषेत अगदी काटेकोर होते. निव्वळ मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पाणी ओढून विरघळू लागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. आपल्या घरातील खड्याच्या मिठाला पाणी सुटते त्यात या कडू पाहुण्याचा वाटा मोठा असतो. टनामागे दिडक्या मिळविणारा तो माणूस, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या गृहिणीच्या बरणीचा विचार करून हाती आलेले वजन सोडून देत होता. त्याला टनामागे मिळणारा भाव आणि बाजारात पुडीला पडणारी किंमत शेजारी शेजारी ठेवली तर कोणाही विचारी माणसाला लाज वाटावी. शुद्ध मीठ हे कोणीतरी योग्य वेळी थांबल्यामुळे मिळते, आणि त्या थांबण्याचे मोल कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते, हे आम्ही त्या वाफ्यावर शिकलो.

वाफ्याबाहेर काढलेले ते कडू पाणीही टाकाऊ नसते. त्यातून मॅग्नेशियम क्लोराइड, ब्रोमीन आणि पोटॅश मिळते. कापडगिरण्यांत सुताच्या खळीसाठी लागणारे मॅग्नेशियम क्लोराइड पूर्वी जर्मनीहून येत असे. पहिल्या महायुद्धात ती आयात तुटली आणि खाराघोड्याला ते या कडू पाण्यापासून होऊ लागले. भावनगरला १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनेही या उरलेल्या पाण्यावर पुष्कळ काम केले आहे. एकाच्या दृष्टीने जो मळ, तो दुसऱ्याच्या दृष्टीने माल. वेगळे करण्याच्या शास्त्रात मळ अशी स्वतंत्र वस्तूच नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली आणि ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. वाफ्यातून काढलेल्या मिठाच्या अंगावर कडू पाण्याचा पातळ लेप राहतो. तो धुऊन काढायचा कसा? गोड्या पाण्याने धुतले तर लेप जातो हे खरे, पण त्याबरोबर मीठही विरघळून जाते. जितके स्वच्छ करावे तितके कमी होते. म्हणून मीठ धुण्यासाठी मिठाचेच संपृक्त पाणी वापरतात. त्या पाण्याची मिठाची भूक आधीच भागलेली असते, म्हणून ते मिठाला हात लावीत नाही. मॅग्नेशियमच्या क्षारांना मात्र त्याच्यात अजून जागा असते, म्हणून ते तेवढेच घेऊन जाते. मीठ कमी न होता निर्मळ होते.

ज्या वादाचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्यात हीच गोष्ट आमच्या कामी आली. निवृत्तीनंतर आमच्या गावातील एका मंडळाने जुन्या मराठी घरांतील स्त्रियांची पत्रे एकत्र करून छापावयाचे ठरविले. दमाजी गायकवाडांनी १७३४ साली वडोदरे घेतले, तेव्हापासून येथे आलेल्या घराण्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील! पत्रे त्यांतील अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांची होती. त्यांत "येथे मुलांस चांगले फावले आहे", "दुपारी ओटल्यावर बसतो", "हिंचका दुरुस्त करविला" अशी वाक्ये ठायी ठायी. फावणे हे क्रियापद मराठीतही आहे, पण येथे ते गुजराती अर्थाने, 'मानवले' या अर्थाने आलेले. समितीतील काही सदस्यांचे म्हणणे असे पडले की ही भाषा शुद्ध करून, पुण्याच्या वळणाची करून मगच छापावी. नाहीतर महाराष्ट्रातील वाचक आपल्याला हसतील. दुसरा पक्ष म्हणाला, अनुस्वारही हलवू नये. तीन बैठका झाल्या. त्या पत्रांत आमच्या आत्यांचीही सहा पत्रे होती, त्यामुळे आम्ही तटस्थ नव्हतो, हेही सांगून टाकतो.

आम्हांला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. पत्रांत घाईच्या चुका होत्या, गळलेले शब्द होते, नक्कल करणाऱ्यांनी घातलेले घोळही होते. तो कडू लेप काढावयास हवाच होता. पण बाहेरच्या प्रमाणभाषेने धुणे म्हणजे गोड्या पाण्याने मीठ धुणे. लेपाबरोबर आत्याही विरघळून गेल्या असत्या. आम्ही सुचविले की ही पत्रे त्याच घरांतील, त्याच काळात वाढलेल्या चार-पाच वृद्ध स्त्रियांपुढे मोठ्याने वाचावीत. ज्या शब्दाशी त्या अडखळतील तो तपासावा; ज्याच्यावरून त्या सहज पुढे जातील तो तसाच ठेवावा. तसे करण्यात आले. 'फावले'वर कोणीच थांबले नाही. 'ओटला' ऐकून एक आजीबाई आपल्या माहेरच्या ओटल्यावर कोण कोण बसत असे, ते सांगू लागल्या. पण एका पत्रातील अगदी शुद्ध भासणाऱ्या शब्दावर सगळ्या एकदम म्हणाल्या, असे आमच्यात कोणी म्हणत नसे! मूळ कागद काढून पाहिला, तर तो शब्द नक्कल करणाऱ्याने आपल्या मताने घातलेला निघाला. ज्यांच्यात ती भाषा काठोकाठ भरलेली होती, त्यांनी भाषेला धक्का न लावता मळ तेवढा उचलला.

उपमा फार ताणू नये हे आम्ही जाणतो. माणसे म्हणजे क्षार नव्हेत, आणि समाजाचे मिश्रण वेगळे करण्याची भाषा ज्यांनी ज्यांनी केली त्यांनी हाताला रक्तच लावून घेतले आहे. आम्ही ज्या भाषेत खरेदी करतो त्या गुजरातीत मीठ आणि गोड या दोहोंना 'मीठुं' हा एकच शब्द आहे; अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून मिसळलो नसतो तर तोच करंटेपणा ठरला असता. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली शासनशब्दांचा कोश निघाला, तोही गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे शब्द शेजारी शेजारी मांडून. मिसळणे आणि हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या राज्याला ठाऊक होते. विरघळलेले मीठ दिसत नाही, पण ते असतेच. पाणी जिभेला लावले की कळते.

तरीही एक क्रम आम्हांला आमच्या घरांत स्पष्ट दिसतो. मराठीचे पाणी जसजसे आटत गेले तसे शब्द ठरावीक क्रमाने खाली बसले. सर्वांत आधी दप्तराचे शब्द गेले: सनद, हुजूर, फडणिशी. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि त्यांचे कामच संपले. मग शाळेचे आणि पुस्तकांचे शब्द गेले, कारण मुले गुजराती आणि पुढे इंग्रजी शाळांत जाऊ लागली. स्वयंपाकघराचे शब्द अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. आणि अगदी शेवटपर्यंत पाणी न सोडणारे शब्द कोणते, म्हणाल तर रागावण्याचे, लाड करण्याचे, आरतीचे आणि पै-पैशांचा हिशेब मनाशी करण्याचे. आमच्या नातवाला मराठी पुस्तक वाचता येत नाही; पण ठेच लागली की तो "आई गं" म्हणतो. ते थेंब अजून ओले आहेत.

रणातील मिठाला एक सोय आहे. आषाढ-श्रावणात सारे रण पाण्याखाली जाते, उरलेले मीठ पुन्हा विरघळते आणि दिवाळीनंतर सारा खेळ नव्याने मांडता येतो. बोलीतून खाली बसलेल्या शब्दांवर असा पाऊस आपोआप पडत नाही. तो कोणाला तरी आणावा लागतो. मंडळाची पत्रे छापून झाली, शेवटी लहानशी शब्दसूची जोडली, आणि आता आमच्याच घरातील मुले ती सूची मोठ्याने वाचून हसतात. हसेनात का, हसताना शब्द तोंडात येतो, एवढे पुरे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद आणि गोवा येथील आमच्या वाचकांच्या घरीही अशी पत्रे, पाककृतींच्या वह्या आणि लग्नाच्या याद्या पेट्यांत पडून असतील. त्या बाहेर काढाव्यात आणि शुद्ध करण्यापूर्वी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला वाचून दाखवाव्यात. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण ती भाषा काठोकाठ भरलेली माणसे आता प्रत्येक घरात एक-दोनच उरली आहेत.